कवडशापाशी लपवलेल्या बुगड्या

मी भूगोल घेऊन बी.ए. झाले होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचा मूर्खपणा किती शिकलेला होता ते कळेल.

नाशिकची मी, लग्न होऊन वाशीम जिल्ह्यातल्या धनजला आले. ह्यांना नाशिकच्या कारखान्यात क्वार्टर मिळेपर्यंत मी सासरी राहायचं ठरलं होतं. पहिल्याच दिवाळीनंतर घरातली सगळी एका लग्नाला परगावी निघाली आणि त्याच आठवड्यात चोर फिरताहेत अशी आवई उठली. सासूबाई म्हणाल्या, दागिने ज्वारीच्या कोठीत टाक. मी मनातल्या मनात हसले. कोठीत तर चोर पहिल्यांदा हात घालेल! मोठ्या खोलीच्या मातीच्या भिंतीला नुकताच लिंपा दिला होता, माती ओली होती. मी माझ्या कानातल्या सोन्याच्या, मोती जडवलेल्या दोन बुगड्या त्या भिंतीत बोटानं दाबल्या आणि वरून माती सारखी केली.

जागेची खूण? छपराच्या कवेलूंमधल्या फटीतून भिंतीवर उन्हाचा कवडसा पडायचा. एक बुगडी सकाळच्या चहाला कवडसा असतो तिथे, दुसरी दुपारच्या चहाला असतो तिथे. दोन जागा अशासाठी, की एक चोराला सापडली तरी दुसरी वाचावी. सूर्य रोज थोडा सरकतो हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. तो धनजमध्येही सरकतो, हे मला सुचलं नाही. शिवाय त्या घरात चहाची वेळ घड्याळ ठरवत नसे, म्हैस ठरवत असे. ती दूध देईल तेव्हा चहा.

परत आल्यावर भिंतीपाशी एकटीला वेळ मिळेपर्यंत महिना गेला. मग मी केसांतला आकडा घेऊन रोज थोडी थोडी भिंत कोरू लागले. एके दिवशी सासूबाईंनी मला नखांत माती असताना पकडलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका.

"खाय माय, खाय," त्या म्हणाल्या. "पयल्या खेपेले मलेबी मातीच गोड लागत होती. पन भितीची नको खाऊ, मी तुले भाजून देतो."

संध्याकाळपर्यंत गल्लीत गोड बातमी पसरली. बातमी नव्हतीच, त्यामुळे मला खरं सांगणं भाग पडलं. घरादारानं दाभण, सुया, काय मिळेल ते भिंतीत खुपसून पाहिलं. शेवटी सासरे म्हणाले, दोन बुगड्यांसाठी कोणी उभी भिंत पाडत नाही, पडेल तेव्हा सापडतील. आणि मी नाशिकला निघून गेले.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं हसण्यासारखं नाही.

बऱ्याच वर्षांनी ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. माझ्या मोठ्या जाऊबाई, शांताबाई, भिंत उतरत असताना घमेलं घेऊन दिवसभर उन्हात उभ्या होत्या. एक बुगडी सापडली. त्यांनी ती काडेपेटीत घालून मला पाठवली. दुसरी सापडली नाही. तेव्हापासून आमच्या नणंदबाई, मथुरावन्सं, प्रत्येक लग्नात, बारशात, तेराव्यालासुद्धा एकच वाक्य बोलत आल्या: "एक सापडते अन् दुसरी सापडत नाई, असं कसं बाप्पा?" एवढंच. पुढचं लोक आपापलं समजतात. गेल्या उन्हाळ्यात तर शांताबाईंच्या नातीच्या लग्नात, नव्या विहिणीच्या देखत, त्यांनी ही गोष्ट हावभावांसकट सांगितली. शांताबाई भरल्या पंगतीतून उठून गेल्या.

जानेवारीत त्यांचा मला फोन आला. आयुष्यात त्यांनी मला आपणहून केलेला हा दुसरा फोन असावा.

"सुमन, तुह्या जावयापाशी ते सोनं शोधाचं मशीन हाय म्हनते. त्या भितीची माती म्या शेताच्या धुऱ्यावर ढीग घालून ठेवली हाय. माहा गजा आता ते वावरात पसरवून राह्यला. येशीन तं आता ये. मले त्या मथुरीच्या तोंडावर ते बुगडी ठेवाची हाय, अन् मंग मराचं हाय."

जावईबापूंनी ते मेटल डिटेक्टर कोकणच्या किनाऱ्यावर अंगठ्या शोधायला घेतलं होतं. त्यात त्यांना एक कॅन-ओपनर मिळाला होता. त्यांनी यंत्र इतक्या आनंदानं माझ्या हवाली केलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बडनेरा ते धनज

रेल्वेचं सोडून देते. बडनेऱ्याहून पुढे एस.टी.त मी ती लांब दांड्याची, खाली थाळी लावलेली काठी उभी धरून बसले आणि कामरगाव येईपर्यंत सबंध बसनं तिच्यावर मत दिलं. कंडक्टर म्हणाला, फवारणीचा पंप असेल तर सांडायला नको. एक बाई म्हणाली, गवत कापायचं मशीन आहे, तिच्या भावाकडे आहे. मागचा एक जण ठामपणे म्हणाला, पायाचं प्लास्टर झाल्यावर चालायला देतात ती काठी. तेवढ्यावर मला बसायला खिडकीची जागा मिळाली, म्हणून मी त्याला खोडून काढलं नाही. थोडी लंगडलेसुद्धा.

कामरगावच्या स्टँडवर चहा घेतला. नाशिकला चहात साखर घालतात, इथे साखरेत चहा. तिथून काळी-पिवळी जीप. 'भरली' या शब्दाचा अर्थ वऱ्हाडात फार उदार आहे. माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईची कोबीची पिशवी आणि यंत्राच्या थाळीवर तिचं पोर बसलं, तेव्हा कुठे ड्रायव्हरला गाडी भरल्यासारखी वाटली.

शांताबाई दारातच उभ्या होत्या. वाळलेल्या, ताठ, लुगड्याचा काष्टा तसाच कडक. पाणी दिलं, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे? यानं तं वावरातलं तनबी निंघनार नाई."

जेवायला मात्र सोलेभात होता. ओल्या तुरीचे हिरवे दाणे, वर कच्च्या तेलाची धार, सोबत भाजलेल्या मिरचीचा ठेचा. मी नाशिकला बाजारातून दाणे आणून हा भात वर्षानुवर्षं करते आणि तो दरवर्षी बिघडतो. का बिघडतो ते शांताबाईंना विचारलं. "तू वाचून करतं," त्या म्हणाल्या.

धुऱ्यावरचा ढीग

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या गजानन, म्हणजे शांताबाईंचा मुलगा गजा, मला शेतात घेऊन गेला. तूर वाळत आलेली, हरभरा फुलावर, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली तो मातीचा ढीग. ढीग कसला, माझ्या मूर्खपणाचं स्मारक. त्यावर गवत उगवलेलं, एका बाजूला उंदरांची बिळं.

मी यंत्र सुरू केलं. 'टूं.' पहिल्याच क्षणाला! गजानं फावडं मारलं, काही नाही. मी एक पाऊल पुढे सरकले. 'टूं.' पुन्हा फावडं, पुन्हा काही नाही. मी जाईन तिथे टूं. गजानं माझ्याभोवती गोल खड्डा खणत आणला, तेव्हा शेजारच्या वावरातले म्हातारे बाबाराव म्हणाले, "वयनी, ते मशीन तुमच्या पायाले ओरडून राह्यलं."

माझी जोडवी! मी चांदीची जोडवी काढून पदराला बांधली. पदर यंत्रावर आला, पुन्हा टूं. शेवटी जोडवी बाबारावांच्या टोपीत ठेवली.

यानंतरच्या दोन दिवसांत त्या ढिगातून जे निघालं ते असं: बैलाच्या खुराचा नाल, वखराच्या पातीचा तुकडा, सायकलची घंटी, अ‍ॅल्युमिनियमचा चमचा, आणि गुटख्याच्या पुड्या. किती पुड्या! सोन्याला हे यंत्र ज्या सुरात ओरडतं, अगदी त्याच सुरात ते चकचकीत पुडीला ओरडतं. दर वेळी काळीज तोंडाशी यायचं, मी गुडघ्यांवर बसायचे, माती बोटांनी चाळायचे आणि हातात पुडी. सोन्यात आणि गुटख्यात फरक न कळणारं यंत्र लोक विकत घेतात आणि वर जावई म्हणून मिरवतात!

त्यात बघे. ज्याला त्याला काहीतरी शोधून हवं होतं.

"काकू, हे पानी दाखवते काय? बोर माराची होती," गजा म्हणाला.

"पाणी नाही रे, धातू."

"मंग पाइपातलं पानी तं दाखवीन?"

बाबारावांनी मला बाजूला घेतलं. "वयनी, गढीपाशी एक हंडा हाय. माह्या आज्यानं डोयानं पाह्यला."

"मग काढला का नाही त्यांनी?"

"त्याच्यावर नाग बसला होता."

"आणि आता?"

"आता उठला असन. इतके दिवस कोन बसते?"

"हंडा निंघाला तं तहसीलात सांगा लागते," गजानं त्यांना समजावलं. "आपल्या हाती फक्त फोटो येते."

शांताबाई या सगळ्यात एका शब्दानं सामील झाल्या नाहीत. निंबाखाली बसून त्या मी चाळलेली माती पुन्हा चाळत होत्या. संध्याकाळी त्यांच्या फोनवर मुर्तिजापूरहून मथुरावन्संचा व्हिडिओ कॉल आला. गावातून कोणीतरी खबर पोचवली होतीच.

"सापडली काय वं शांता?" पडद्यावर नुसतं कपाळ दिसत होतं. "नाई सापडनार. जमिनीत असन तं सापडीन ना."

शांताबाईंनी फोन बंद केला, चाळणी झटकली आणि घराची वाट धरली. मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि नशिबानं मिटलं.

अंगणातली चूल

चौथ्या दिवशी सकाळी मी हरलेल्या मनानं यंत्राची बॅटरी तपासत अंगणात उभी होते. गजाची बायको रेखा गॅसवर चहा करत होती. आंघोळीचं पाणी मात्र शांताबाई अजून अंगणातल्या चुलीवर तापवतात. स्लॅबच्या घरात गॅस आहे, गीझर आहे, पण त्यांच्या मते गीझरचं पाणी अंगाला लागत नाही. मी उबेला जवळ सरकले, यंत्राची थाळी चुलीच्या मागे टेकली.

'टूं.'

"लोखंडी सळ्या असतील चुलीत," मी म्हटलं. मला आता कशावरच विश्वास उरला नव्हता.

"माह्या चुलीत सळई?" शांताबाई ताडकन उभ्या राहिल्या. "सळई ज्याले चूल घालता येत नाई ते टाकते. तुमच्या नाशिकात टाकत असन."

"मग वाजतंय काय हे?"

मी थाळी फिरवली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, मागच्या जाड भिंतीत एकाच ठिकाणी: टूं. रेखा चहाचं पातेलं हातात घेऊन तशीच दारात थांबली.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे चूल तुमी कायच्या मातीची घातली होती?"

मला वाटतं, शांताबाईंना ते एक क्षण आधीच कळलं होतं. जुन्या घरांच्या भिंतीची माती वर्षानुवर्षं मुरलेली असते, तिची चूल तडकत नाही. म्हणून इकडे घर पाडलं की बाया चुलीसाठी ढेकळं मागून नेतात. शांताबाईंनी भिंतीची सगळी माती चाळली होती. फक्त स्वतःच्या चुलीसाठी निवडलेली मोठमोठी ढेकळं चाळली नव्हती. ती त्यांनी थेट भिजत घातली होती.

त्यांनी लाकडं ओढून विझवली. चूल निवेपर्यंत आम्ही तिघी समोर बसून राहिलो. मग त्यांनी चुलीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, मी पुढे केलेली लोखंडी सब्बल बाजूला सारली आणि खुरप्यानं मागची भिंत स्वतः फोडली. इतकी वर्षं टिकलेली चूल. त्यांचा हात मात्र थांबला नाही. तिसऱ्या ढेकळात ती होती. मोती जळून चुन्याची पूड झाले होते. सोनं काळवंडलेलं, पण तार न् तार शाबूत.

मी आनंदानं ओरडणार, तोच शांताबाईंनी कपाळावर हात मारला.

"आता तं मी मेलीच," त्या म्हणाल्या.

"अहो, सापडली! काय म्हणताय?"

"कुठी सापडली? माह्या चुलीत! मथुरी काय म्हनीन आता? म्हनीन, पाह्य, शांतानं चुलीत लपवली होती. आतापावेतो तं शकच होता, आता सबूत झाला."

खरंच की. ढिगात सापडली असती तर त्या सुटल्या असत्या. त्यांच्या घरात, त्यांच्या हातानं घातलेल्या चुलीत सापडली म्हणजे गुन्हा शाबीत. यंत्राला दोन दिवस शिव्या घातल्या. त्यानं शेवटी खरं सांगितलं आणि तेच नेमकं गळ्याशी आलं.

आता वय वाढलं म्हणून काही माझी बुद्धी सुधारलेली नाही. मी म्हटलं, "जाऊबाई, बुगडी ढिगात पुरू. दुपारी सगळ्यांसमोर काढू."

"म्या उभ्या जलमात लबाडी नाई केली."

"म्हणूनच तर तुम्हाला जमत नाही. मला जमतं."

त्या नाहीच म्हणत होत्या. मग फोन वाजला. मथुरावन्संचं कपाळ. "शांता, राहू दे आता. कायले त्या सुमनले राबवतं? जे गेलं ते गेलं, आमी काय तुले काई म्हनतो?"

शांताबाई फोनकडे बघत राहिल्या. "दुपारी वावरातून फोन लावतो तुले," त्या म्हणाल्या आणि उठून मला म्हणाल्या, "चाल."

"चुलीचं काय सांगायचं?" मी रेखाला विचारलं.

"म्हशीनं लाथ मारली," ती म्हणाली. "मी तं काई पाह्यलंच नाई बाप्पा."

पुन्हा ढीग

बुगडी मी सकाळीच, कोणी नसताना, ढिगाच्या पोटात वीतभर खोल पुरली. या वेळी कवडसा नाही! शिकलेली बाई मी. एक वाळकी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी नीट उभी रोवली.

दुपारी अर्धं गाव धुऱ्यावर. गजानं फोन उंच धरलेला, त्यात मथुरावन्सं. या वेळी कपाळासोबत चश्माही होता. मी गंभीर चेहऱ्यानं यंत्र हातात घेतलं, ढिगाकडे वळले, आणि काडी नव्हती.

सगळीकडे पाहिलं. काडी बाबारावांच्या हातात होती. त्यांनी ती उपटून घेतली होती आणि सदऱ्यात घालून निवांत पाठ खाजवत होते.

त्यानंतरचा वेळ मला आठवावासा वाटत नाही. टूं: पुडी. टूं: पुडी. टूं: काल सुटलेलं सायकलच्या घंटीचं झाकण. शांताबाईंची नजर माझ्या पाठीत रुतत होती. फोनमधून आवाज येत होता, "म्या म्हनलं होतं ना, म्या म्हनलं होतं ना." मी एकच बुगडी दुसऱ्यांदा हरवली होती, त्याच मातीत, तेवढ्याच हुशारीनं. घाम चश्म्यावर उतरला. नाटक कधीच संपलं होतं. मी आता खरोखरच शोधत होते, गुडघ्यांवर, नखांत माती घेऊन, तशीच, जशी सासूबाईंना पहिल्यांदा सापडले होते.

टूं.

मी बोटं घातली आणि हाताला तार लागली. मला रडू आलं, ते मात्र अस्सल होतं आणि फोनमध्ये फार चांगलं दिसलं असं रेखा म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबारावांनी काडीनंच नमस्कार केला. शांताबाईंनी बुगडी तळहातावर घेतली आणि फोनसमोर धरली.

मथुरावन्संनी चश्मा पुसून पाहिलं. मग म्हणाल्या, "सापडली ना? मले ठाऊकच होतं. शांता तशी बाईच नाई. लोकच काईबाई बोलतेत."

हे सगळं मी आता लिहून टाकलं म्हणून कोणाला काळजी वाटेल. नावं मी बदलली आहेत. आणि आमच्या मथुरावन्सं वाचत नाहीत, फक्त बोलतात.

निघायच्या दिवशी मी बुगडी शांताबाईंना देऊ केली. "इच्यापायी चूल मोडली, आता कानबी टोचू काय?" म्हणून त्यांनी ती माझ्या पिशवीत, गुळाच्या ढेपेखाली, कोंबली. जीपपाशी सोडायला आल्या. ड्रायव्हर अजून माणसं भरत होता. मी यंत्र आत सरकवलं, पाया पडले, आणि त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या:

"इतकी सालं म्या खरं सांगून राह्यली होती, तं घरच्याइलेबी पटलं नाई. तुह्या मशीननं एक डाव खोटं टूं केलं, तं गावानं टाया वाजोल्या. जाऊ दे. आता पुढच्या खेपेले येशीन तं चुलीसाठी माती तूच घेऊन येजो, अन् तिच्यात काई लपवू नको."